गादी, मेजरसाहेब आणि रुंद बुडाची बोट

सगळ्यात चांगली बोट कुठली, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. लग्नात भेटलेला भाचेजावई विचारतो, बँकेच्या रांगेत पुढे उभा असलेला विचारतो. मी म्हणतो, आधी मला सगळ्यात चांगलं पायताण कुठलं ते सांगा. लग्नाला बूट, चिखलात गमबूट, न्हाणीघरात स्लिपर. बूट घालून न्हाणीत गेलात तर बुटाचा काय दोष? माणूस हसतो आणि पेन्शनचा विषय काढतो. मला जरा रागच येतो, कारण मी विनोद केलेला नसतो. या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी नोकरीची चांगली वर्षं गेली आहेत, आणि ते उत्तर तोंडातून बाहेर काढायला त्याहून जास्त हिंमत लागली आहे.

बासष्ट साली मी नगर जिल्ह्यातून चिंचवडला आलो. वडील आधीच पिंपरीत एका कारखान्यात हेल्पर होते. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे हमाली केली आणि मग लिमयेसाहेबांच्या शेडमध्ये लागलो. लिमयेसाहेब इंजिनिअर, नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढलेला माणूस. धंदा फायबर ग्लासचा. आता घरोघर फायबरच्या वस्तू आहेत, पण तेव्हा लोक शेडमध्ये येऊन विचारायचे, काच वाकते कशी? तर वाकत नाही. काचेच्या धाग्यांची गोधडीसारखी मॅट असते, ती साच्यावर पसरायची, ब्रशनं रेझिन, म्हणजे डिंकासारखा चिकट रस, पाजायचं, वरून रोलर फिरवून हवा काढायची. रेझिन वाळलं की साच्यातून वस्तू सोडवायची. झालं काम. राहते ती खाज. काचेची कूस एकदा मानेत शिरली की मारुतीरायानं सांगितलं तरी हात खाली राहत नाही. माझी बायको माझे कपडे पंधरा वर्षं वेगळ्या बादलीत धूत होती.

आम्ही मशिनांची झाकणं करायचो, टाक्या करायचो. बोटीचं खूळ शिरलं ते एका जर्मन इंजिनिअरमुळे. जवळच्या एका कंपनीत तो मशिनं बसवायला आला होता आणि येताना स्वतःची कयाक घेऊन आला होता. कयाक म्हणजे अरुंद, वरून झाकलेली, एका माणसाची बोट. मधल्या भोकात पाय लांब करून बसायचं आणि दोन्हीकडे पातं असलेलं एकच वल्हं डावीकडे-उजवीकडे मारायचं. त्याच्या बोटीला खाली भगदाड पडलं होतं. ते मी बुजवून दिलं. तो खूश झाला, आणि लिमयेसाहेबांनी त्याच्या परवानगीनं त्या बोटीवरून साचा काढून घेतला. जर्मन गेला मायदेशी, साचा राहिला आमच्याकडे.

आता बोट केली तर ती तरते का बघायला नको? शेडमध्ये माझ्याबरोबर सोपान होता, रावेतचा. तेव्हाचं रावेत म्हणजे पवनेच्या काठचं उसाचं गाव. सोपान मॅट कापायचा आणि पाण्यात माशासारखा पोहायचा. मला पोहता येत नव्हतं. आमच्या गावी नदीला डोह होता, पण आमच्या वस्तीतल्या माणसानं त्यात उतरायचं नव्हतं. ते पाणी मी लहानपणी लांबूनच पाहिलं होतं. सोपानला मी हे एकदा सांगितलं. रविवारी तो मला रावेतच्या वळणावर घेऊन गेला, पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधला आणि दिलं पाण्यात ढकलून. महिन्याभरात डबा सुटला. त्या वर्षी मी पवनेत इतका पडलो आहे, की नदी मला ओळखत असेल.

पडता पडताच धंद्यातली मेख कळली. जर्मनची बोट लांब आणि अरुंद. ती सरळ सुटते, कमी कष्टात लांब जाते, पण वळायला सांगितलं की नवऱ्यामुलाच्या मामासारखी अडून बसते. शिवाय बसलात की डुगडुगते. सराव असेल तर ठीक, नसेल तर तोंडात पाणी. उलट बोट आखूड केली आणि बुडाला केळ्यासारखा बाक दिला, तर ती जागच्या जागी गिरकी घेते. खडकातल्या उसळत्या पाण्याला तीच हवी, पण तलावात ती नाक हलवत बसते, पुढे जात नाही. तिसरी रुंद बुडाची. हळू चालते, पण घरच्या पाटासारखी बसते. आता तिच्यातही गंमत आहे. बूड अगदी सपाट केलं तर शांत पाण्यात छान, आणि लाट बाजूनं आली की लाटेबरोबर तीही कलंडते. म्हणून कडा किंचित गोल ठेवायच्या. सगळ्या गुणांची एक बोट होत नाही. एक द्या, एक घ्या.

म्हणून मी आधी पाणी विचारायचो. साचलेलं का वाहतं, वारा कुठून, काठ मातीचा का खडकाचा. मग माणूस बघायचो, आणि माणसात आधी गुडघे. गुडघे धड नसतील त्याला भोकात शिरता येतं, बाहेर येता येत नाही. मग वजन कुठे आहे ते, पोटात का खांद्यात. यानंतर बोट. हे सगळं मी विचारायचो, पण मनातल्या मनात. कारण शेडमध्ये नियम होता, कामगारानं गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही. लिमयेसाहेब वाईट माणूस नव्हता. आजारपणात ॲडव्हान्स द्यायचा, दिवाळीला घरी यायचा. पण त्याचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक मागेल ते द्यावं, शहाणपण शिकवू नये, आणि शिकवायचंच तर मालकानं शिकवावं. साहेबाला टाक्यांमधलं सगळं कळायचं. बोटीत मात्र तो जन्मात बसला नव्हता.

कॅम्पातला एक कापडवाला आला होता, त्याला मुलाच्या रिसेप्शनसाठी कयाक हवी होती. स्टेजवर सजवायची आणि तिच्यात नवरानवरी बसवायची. एका माणसाच्या भोकात दोघं, वर शालू. मी नवऱ्यामुलाकडे बघितलं, चांगला शंभर किलोचा ऐवज. मी सोपानच्या कानात सांगितलं, हा आत जाईल पण येणार नाही. मोठ्यानं सांगायची सोय नव्हती. झालं तसंच. नवरीनं आधीच नकार दिला, नवरा एकटा बसला, आणि संध्याकाळभर त्याला तिथूनच आहेर घ्यावे लागले. शेवटी चार मामांनी बोटीसकट उचलून त्याला आडवा केला. लोक जेवायचं सोडून बघत होते म्हणे. यात हसून सोडून देण्यासारखं होतं, मी हसलो.

पुढच्याला हसता आलं नाही. भोसरीच्या एका कंपनीतली तीन पोरं आली. तरणीताठी, ओव्हरटाइमचे पैसे साठवून आलेली. त्यांना इंद्रायणीत उतरायचं होतं, तेही भर श्रावणात, आणि बोट हवी होती सगळ्यात पळणारी. साहेबानं लांबडी दाखवली. पोरांना आवडली. दिसायला ती होतीच देखणी. ती टेम्पोत चढवताना एक टोक माझ्या हातात होतं. पुरातल्या नदीत, बंधाऱ्यात, खडकांत ही बोट वळणार नाही, हे मला माझं नाव माहीत असावं तितकं माहीत होतं. साहेब शेजारी उभा होता. मी टोक आत सरकवलं आणि दोरी आवळली.

बोट बंधाऱ्यावर आडवी लागली आणि मधोमध तुटली. आत एकच पोरगा होता, बाकी दोघांनी त्याला ओढून काढलं. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. महिन्यानं तो हात गळ्यात अडकवून शेडच्या फाटकाशी आला. मला वाटलं, भांडायला आला. तो म्हणाला, "तुम्हीच बनवली होती ना बोट? लई भारी होती हो. आमचंच चुकलं." त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला त्याला सांगता आलं नाही की तुझं नाही, माझं चुकलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तोंड दिलंय ते जेवण्यापुरतंच आहे का? मला राग आला, पण तिचं बरोबर होतं. तेव्हा मी ठरवलं, की यापुढे चुकीची बोट माझ्या हातून कोणाच्या दारात जाणार नाही. ठरवणं सोपं असतं, नोकरी टिकवून पाळणं अवघड.

परीक्षा दोनच वर्षांत आली. पवना धरण भरून काही वर्षं झाली होती आणि त्याच्या काठी काही हौशी मंडळींनी एक बोटक्लब काढला होता. क्लबचे प्रमुख एक निवृत्त मेजर. साठीचे, ताठ, मिशा पांढऱ्या पण पीळ कायम. तरुणपणी वल्हवलेलं होतं. ते एक विलायती मासिक घेऊन शेडमध्ये आले. चित्रात एक गोरा तरुण भाल्यासारख्या निमुळत्या बोटीत बसला होता. मेजरसाहेब म्हणाले, अशा आठ हव्यात. साहेबाचे डोळे चमकले. बोटींचा विभाग तोट्यात चालला होता आणि ही ऑर्डर नाही मिळाली तर साचे अंगणात टाकून आपण फक्त टाक्या करायच्या, असं त्यानं आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं. म्हणजे दहा वर्षांत मी जे उभं केलं ते पावसात कुजणार, आणि सोपानसकट चार टेम्पररी माणसं घरी.

पुढच्या रविवारी मी लोकलनं कामशेत गाठलं, तिथून एसटी पकडून धरणावर गेलो. दिवसभर एका झाडाखाली बसून बघत राहिलो. क्लबवर येणारी माणसं कोण? कारखान्यातले कामगार, सुट्टीला आलेले. एक मास्तर आणि त्यांची पोरं. नऊवारीतल्या दोन आज्या, नुसत्या बघायला आलेल्या. एकालाही वल्हं कुठून धरायचं ते माहीत नाही. सकाळी पाणी आरशासारखं, आणि दुपारी दोन वाजले की पश्चिमेकडून घाटाचा वारा सुटायचा आणि अख्खं धरण उकळायला लागायचं. त्या भाल्यासारख्या आठ बोटींत ही माणसं मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. दिसली म्हणजे पाण्याखाली दिसली.

सोमवारी साहेबाच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. शिकणाऱ्यांसाठी रुंद बुडाच्या पाच-सहा, सराव झालेल्यांसाठी दोन लांब, आणि भाला मेजरसाहेबांना हवा असेल तर एक. साहेब म्हणाला, "ओव्हाळ, त्यांनी आयुष्य काढलंय त्यात. तू मला शिकव, त्यांना शिकवू नकोस." मी म्हटलं, बरं, मग निदान एक रुंद करू द्या, नमुना म्हणून. शिफ्ट सुटल्यावर माझ्या वेळात करीन. साहेब पेपरवेट फिरवत म्हणाला, रिजेक्ट पीस पडलाय त्यातून कर, नवीन माल मिळणार नाही.

ती बोट कशी केली ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जुनी फसलेली लांबडी बोट होती. तिला दोन्ही टोकांकडून कापून आखूड केली. मग नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध करवतीनं उभी चिरली. दोन फाका झाल्या. त्या वीतभर लांब सरकवून मधली फट प्लास्टरनं भरली, कडा हातानं घासून गोल केल्या आणि त्यावरून नवा साचा काढला. सोपान बघत होता. म्हणाला, "यशवंतराव, ही तर म्हैस झाली." झालीच होती म्हैस. पण रावेतच्या वळणावर तिच्यात बसून मी एका बाजूला पार कानापर्यंत ओणवा झालो आणि ती मला परत सरळ घेऊन आली. त्या दिवशी पाण्यातच मी हात जोडले, नदीला का बोटीला ते माहीत नाही.

चाचणीच्या दिवशी टेम्पोत दोन्ही बोटी घातल्या, मेजरसाहेबांसाठी नमुना म्हणून केलेला भाला आणि माझी म्हैस. साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि सोपान मागे. धरणावर मेजरसाहेब, त्यांची कमिटी, क्लबचा तरुण सेक्रेटरी आणि मेजरसाहेबांच्या मिसेस. बाई पन्नाशीच्या पुढच्या, ठेंगण्या, पांढऱ्या सुती साडीतल्या. थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतून देत होत्या. मेजरसाहेब आधी भाल्यात बसले. वारा अजून सुटायचा होता, पाणी शांत होतं आणि माणसाला सराव होता. दोन वेळा डुगडुगले, पण झोकात एक फेरी मारून आले. कमिटीनं टाळ्या वाजवल्या. साहेबानं माझ्याकडे असं बघितलं, की मी जमीन बघायला लागलो.

मग साहेबच म्हणाला, आमच्याकडे अजून एक नमुना आहे, बघता का. मी भाला काठावर ओढून घेत होतो. वळून बघतो तर मेजरसाहेब रुंद बोटीत बसायला निघालेले, आणि आत गादी. लाल रेक्झिनची, सोनेरी पायपिंगवाली, चांगली चार बोटं जाड, आणि तिच्याखाली थर्माकोलचा ठोकळा. सोपाननं चिंचवड स्टेशनच्या सीटवाल्याकडून स्वतःच्या खिशातून करून आणली होती. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "एवढ्या मोठ्या सायबाला काय बुडाशी बसवायचं व्हय? बरं दिसतं का त्ये?"

आता हे नीट समजून घ्या. कयाकमध्ये माणूस जितका खाली बसेल तितकी बोट स्थिर. दोन बोटं उंच बसला तरी फरक पडतो. वीतभर उंच बसवला तर म्हशीचीसुद्धा खारूताई होते. मला हे कळत होतं. मी बघतोय आणि मेजरसाहेब गादीवर ऐसपैस बसलेत, खूश आहेत, कमिटीतला एक जण म्हणतोय, वा, आसन झकास. आपल्याकडे मानाच्या पाहुण्याला उंच बसवतात. मानानं बसवलेल्या माणसाला उठा म्हणायचं आणि त्याच्या बुडाखालची गादी काढून घ्यायची, हे कोणत्या तोंडानं करायचं? त्यात नियम आहेच, बोलायचं नाही. मी बोटीला हात लावून तिला पाण्यात लोटली.

काठापासून पंधरा फुटांवर मेजरसाहेबांनी पहिलं वल्हं जोरात मारलं आणि बोट उलटली. लाइफ जॅकेट होतं, पाणी छातीइतकं होतं, जिवाला काही झालं नाही. लाल गादी मात्र आधी वर आली आणि तरंगत तरंगत कमिटीच्या पायाशी येऊन लागली. कोणी हसलं नाही. मेजरसाहेब बाहेर आले, मिशांतून पाणी गळतंय. वॉचमननं त्याचं धोतर दिलं, ते नेसून आले आणि म्हणाले, लिमये, ही बोट परत न्या, आणि तुमच्या त्या आठांचंही मला पुन्हा बघावं लागेल. साहेबाचा चेहरा पांढराफटक. सोपान गादी उराशी धरून उभा, डोळ्यांत पाणी. करायला गेलो काय आणि झालं काय, असं झालं.

नोकरी गेलीच आहे, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, ते वाटल्यावर एकदम मोकळं झालो. त्या हाड मोडलेल्या पोराचा चेहरा आठवला. मी साहेबाला ओलांडून पुढे गेलो.

"मेजरसाहेब, चूक बोटीची नाही, गादीची आहे. तुम्ही गादीवर बसताना मी बघत होतो आणि बोललो नाही. ती चूक माझी."

लिमयेसाहेब म्हणाला, ओव्हाळ, गप्प बस. मी गप्प बसलो नाही. मी सांगत सुटलो. दुपारचा वारा सांगितला, झाडाखाली बसून पाहिलेली माणसं सांगितली, भाल्यात तुम्ही बसाल साहेब, पण तुमच्या क्लबात तुमच्यासारखे तुम्ही एकटेच आहात, हेही सांगितलं. ही बोट बुडाशी बसून बघा, कोणीही बसा, ज्यानं जन्मात वल्हं धरलं नाही त्यानं बसा. नाही पडायची. पडली तर मी उद्यापासून टाक्या घासीन. मेजरसाहेब ऐकून घेत होते, पण चेहरा दगडासारखा. म्हणाले, "आणि आता हिच्यात बसायला तयार कोण होणार?"

"मी बसते," मागून आवाज आला.

बाईंनी थर्मास खाली ठेवला होता. मेजरसाहेब म्हणाले, भलतंच काय, तुला येतं का. बाई म्हणाल्या, तीस वर्षं काठावर बसून तुमचे कपडे सांभाळतेय, बघून बघून दगडालासुद्धा आलं असतं. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला, साडी गुडघ्यापर्यंत घेतली. मी अनवधानानं गुडघे बघितले. चांगले होते. जॅकेटचे पट्टे मी स्वतः आवळले, त्यांना तळाशी बसवलं, कंबरभर पाण्यात उभा राहून दहा-बारा वल्ही मारून घेतली आणि हात सोडला. मेजरसाहेबांनी सेक्रेटरीला सांगितलं, तू दुसरी घे आणि हिच्याबरोबर राहा, ही पडली की उचल. तो भाल्यात बसून निघाला. पंचविशीचा, व्यायामाचं शरीर.

दोन वाजायला आले होते. दोघं पाण्यात खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या पिंपापर्यंत पोचतात न पोचतात तोच घाटाकडून पाणी काळं पडत आलं. वारा अंगावर आला, लाटा उठल्या. बाई हळूच होत्या, म्हैसच ती, पण एका ठेक्यात चालल्या होत्या. बोट लाटेवर चढायची आणि खाली बसायची. पिंपाला वळसा घालून त्यांनी नाक काठाकडे केलं. सेक्रेटरीही वळायला गेला. भाला आडवा झाला, बाजूनं लाट आली, आणि पोरगा दिसेनासा झाला. पालथी बोट वर आली, मग त्याचं डोकं आणि केशरी जॅकेट. तेवढ्यात वाऱ्यानं त्याची बोट त्याच्यापासून लांब नेली. काठावर नुसती ओरड. मेजरसाहेब धोतर सावरत पाण्यात शिरले. सोपाननं शर्ट काढून फेकला आणि सूर मारला.

बाईंनी बोट थांबवली. लाटेत थांबलेली बोटच पडते. ही पडली नाही. त्यांनी ती मागे-पुढे करत त्या पोराजवळ नेली आणि काहीतरी सांगितलं. त्यानं बोटीची शेपटी दोन्ही हातांनी धरली. आणि मग बाई निघाल्या. मागून वारा, मागे लोंबकळणारा सेक्रेटरी, आणि पुढे ही पांढऱ्या साडीतली बाई डावं-उजवं, डावं-उजवं वल्हं मारतेय. सोपान अर्ध्या वाटेत पोचला आणि त्याला काही करायलाच उरलं नाही. तो बाजूनं पोहत, वरातीत नाचल्यासारखा, परत आला. मी काठावर उभा राहून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. साहेब म्हणतो, मी त्याचा हात इतका घट्ट धरला होता की दोन दिवस काळानिळा होता.

बोट वाळूला लागली. मेजरसाहेब कंबरभर पाण्यात पुढे झाले आणि बायकोला हात दिला. बाईंनी हात घेतला नाही. बसल्या जागेवरून म्हणाल्या, अजून एक फेरी मारून येते, वारा छान आहे. आणि खरोखर गेल्या. मेजरसाहेब त्या पाठमोऱ्या बोटीकडे बघून मिशांखालून हसले. तो माणूस हसतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

त्यांनी जीपमधून फाइल मागवली. धोतरातच, बॉनेटवर कागद ठेवून, ऑर्डर लिहिली, सही केली आणि लिमयेसाहेबाच्या हातात दिली. साहेबानं ती वाचली. परत वाचली. मग काही न बोलता माझ्याकडे दिली. मला वाटलं, काही चूक झाली. हात ओले होते म्हणून पँटला पुसून कागद घेतला. वर क्लबचं नाव होतं. खाली लिहिलं होतं, कयाक, नग आठ. त्याखाली, प्रकार: ओव्हाळ सांगतील तो.

मी मान वर केली. मेजरसाहेब पेन उघडं धरून थांबले होते, कमिटी थांबली होती. लिमयेसाहेब म्हणाला, "सगळे थांबलेत, ओव्हाळ. सांग."

आणि मी मालकाच्या शेजारी उभा राहून, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून, बोलायला लागलो.